साखळी न पोहोचणारा मुलूख : काराकोरमच्या नकाशाची कथा
(भूकरमापकांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण ज्या कामाचे शिक्षण घेत आहात, त्या कामाला गावाचा आधार असतो. हद्दीचे दगड असतात, बांध असतो, शेजारचा खातेदार तक्रार घेऊन का होईना पण हजर असतो, आणि जुने टिपण काढून पाहण्याची सोय असते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी आपल्या गावांतून फिरली आणि तिने एकेक गुंठा कागदावर उतरविला. आज मी आपल्याला ज्या मुलखाकडे नेणार आहे तेथे यांपैकी काहीही नाही. तेथे खातेदार नाही, बांध नाही, आणि साखळी टाकावी तर ती टाकण्याजोगी हातभर सपाट जमीन नाही. तरीही त्या मुलखाचे नकाशे झाले. ते कसे झाले, कोणी केले, त्यांत कोठे चुका राहिल्या आणि त्या चुकांची किंमत कोणाला मोजावी लागली, हा आजचा विषय आहे.

हा मुलूख म्हणजे काराकोरम पर्वत. हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेस, सिंधू व श्योक या नद्यांच्या पलीकडे तो पसरलेला आहे. आठ हजार मीटरहून उंच अशी चार शिखरे येथे एकमेकांच्या निकट उभी आहेत. सियाचेन, बाल्टोरो, बियाफो, हिस्पार या हिमनद्या धृवप्रदेश सोडले तर जगातील सर्वांत लांब हिमनद्यांत गणल्या जातात. एकट्या सियाचेनची लांबी पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. १८५५ साली या मुलखाचा विश्वसनीय म्हणावा असा एकही नकाशा नव्हता. १९३९ साली त्यातील शेवटचे मोठे कोरे भाग भरण्याचे काम चालू होते. मधली सुमारे पंचाऐंशी वर्षे ही आपली कथा.

तथापि तिचा आरंभ बर्फात होत नाही. तो होतो मद्रासच्या सपाट भूमीवर. १८०२ सालच्या एप्रिल महिन्यात विल्यम लॅम्ब्टन याने सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची एक आधाररेषा मोजावयास घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत, तिवयांवर पातळीत ठेवावयाची, तिच्यावर सावली धरावयाची, आणि उष्णतेने पोलाद वाढते म्हणून दर वेळी तापमान टिपून घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. एवढा खटाटोप एकाच रेषेसाठी. कारण पुढची सर्व अंतरे तिच्यावरूनच काढावयाची होती. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर नवे त्रिकोण उभे करावयाचे, त्यांच्या बाजूंवर पुन्हा नवे. साखळी एकदाच टाकावयाची आणि मग शेकडो मैल केवळ नजरेने मोजीत जावयाचे. मध्ये दरी असो, जंगल असो वा नदी, दोन टोकांवरची माणसे एकमेकांना दिसली म्हणजे झाले.

या कामात लॅम्ब्टनचा प्रचंड थिओडोलाइट वापरला जात असे. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढविताना तो आदळला आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टनने तंबूत बसून, हाताने ठोकून ठाकून, काही आठवड्यांत ते पुन्हा गोल केले. त्याचे काम पुढे बिदरवरून वऱ्हाडापर्यंत आले. अचलपूरजवळ टाकरखेडा येथे त्याने आणखी एक आधाररेषा मोजली, आणि नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची समाधी तेथेच आहे. ज्या त्रिकोणांच्या साखळीने पुढे हिमालयाची उंची सांगितली, तिचा पहिला कारागीर विदर्भाच्या काळ्या मातीत विसावला आहे, हे आपल्यापैकी वर्ध्याकडच्या मंडळींनी तरी ठाऊक ठेवावे.

लॅम्ब्टननंतर जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी कन्याकुमारीपासून डेहराडूनपर्यंत पूर्ण केली. पायथ्याशी आल्यावर मात्र एक विचित्र अडचण उभी राहिली, आणि ती भूमापनाच्या विद्यार्थ्याने नीट समजून घेण्यासारखी आहे. आपण यंत्र पातळीत आणतो ते पाणसळीने किंवा ओळंब्याने. ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे सरळ लोंबतो असे आपण गृहीत धरतो. परंतु शेजारी हिमालयासारखा अजस्र डोंगर असेल तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. मध्य भारतातील कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन स्थानकांतील अंतर एकदा त्रिकोणांवरून काढले आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून काढले, तेव्हा दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक आढळला. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटरचा होतो. कलकत्त्याचे धर्मगुरू जॉन प्रॅट हे गणितातही निष्णात होते. त्यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला, आणि हिमालयाने ओळंब्याला जेवढे ओढावयास हवे ते १५.८८५ विकला निघाले. म्हणजे डोंगर दिसतो तेवढ्या जोराने ओढीत नव्हता! १८५५ साली प्रॅट यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्याचे उत्तर सुचविले : पर्वत पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा आहे, जितका वर दिसतो त्याहून अधिक खाली बुडालेला आहे, आणि त्याची ही हलकी मुळे त्याच्या आकर्षणाला उणे करतात. पृथ्वीच्या कवचाच्या समतोलाविषयीचे एक मूलभूत तत्त्व मोजणीतील काही विकलांच्या चुकीतून हाती आले. एखाद्या आळशी मोजणीदाराने तो फरक आकड्यांची जुळवाजुळव करून मिटविला असता तर भूविज्ञानाला बरीच वर्षे थांबावे लागले असते.

आता काश्मीरकडे वळू. १८५५ साली थॉमस माँटगोमेरी या तरुण अधिकाऱ्याकडे काश्मीरचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सोपविण्यात आले. १८५६ सालच्या सप्टेंबरमध्ये तो श्रीनगरच्या उत्तरेस हरमुख पर्वताच्या अंगावर, सुमारे सोळा हजार फुटांवर उभारलेल्या स्थानकावर चढला. तेथून ईशान्येस, सुमारे दोनशे किलोमीटरांवर, आकाशाच्या कडेला दोन उत्तुंग शिखरे त्याला दिसली. त्याने वहीत त्यांची बाह्याकृती काढली आणि ओळखीसाठी त्यांना काराकोरम या नावातील आद्याक्षर घेऊन ‘के १’ आणि ‘के २’ असे लिहिले. पहिल्याचे स्थानिक नाव माशेरब्रुम असल्याचे पुढे समजले. दुसऱ्याला ‘के २’ हेच नाव चिकटले, आणि ते जगातील दुसरे सर्वोच्च शिखर ठरले. त्याची उंची ८,६११ मीटर. पुस्तकात हे एका ओळीत येते. पण हरमुखवर ती ओळ लिहिण्यासाठी आधी कोणीतरी तेथे दगडांचा चबुतरा रचला होता, कोणीतरी यंत्र पाठीवर आणले होते, आणि ढग हटण्याची वाट पाहत कोणीतरी त्या थंडीत दिवसचे दिवस बसून होते.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे सर्वेक्षण खात्याचे खलाशी. आपल्याकडे खलाशी म्हटले की दर्यावरचा माणूस डोळ्यांपुढे येतो; सर्वेक्षण खात्यात मात्र तंबू ठोकणारा, निशाण उभारणारा, आरसा धरणारा मनुष्य म्हणजे खलाशी. एका शिखरावरचे यंत्र दुसऱ्या शिखरावरच्या ज्या ठिपक्याचा वेध घेते, तो ठिपका म्हणजे सूर्यप्रकाश परतविणारा आरसा असतो. आणि त्या आरशामागे एक मनुष्य असतो. वेध पुरे होईपर्यंत त्याने शिखर सोडावयाचे नसते. १८६० साली स्पितीतील शिल्ला नावाच्या शिखरावर एका खलाशाने निशाणाची काठी नेऊन रोवली. त्या काळी त्या शिखराची उंची तेवीस हजार फुटांवर धरली गेली होती, आणि त्यामुळे मनुष्य चढून गेलेले जगातील सर्वांत उंच ठिकाण म्हणून शिल्लाचा उल्लेख पुढे अनेक वर्षे होत राहिला. नंतरच्या मोजणीत ती उंची सुमारे ६,१०० मीटरच निघाली. उंचीची नोंद अशी दुरुस्त झाली. त्या खलाशाचे नाव मात्र मुळातच नोंदविलेले नव्हते, त्यामुळे तेथे दुरुस्त करण्यासारखेही काही राहिले नाही.

त्रिकोणांनी शिखरांच्या जागा ठरतात. मुलूख ठरत नाही. घराचे खांब रोवले म्हणजे भिंती झाल्या असे नव्हे. दोन शिखरांमधील दरी कोणत्या दिशेला वळते, हिमनदी कोठे उगम पावते, पाणी कोणत्या बाजूला जाते, हे दाखविण्यासाठी प्लेन टेबल घेऊन प्रत्यक्ष दरीत शिरावे लागते. प्लेन टेबल म्हणजे तिवईवर बसविलेला सपाट फळा, त्यावर ताणून चिकटविलेला कागद आणि नेम धरण्याची पट्टी. कागदावर त्रिकोणांनी निश्चित झालेली शिखरे आधीच मांडलेली असतात. दरीतल्या ठिकाणी फळा मांडून त्यांपैकी तीन शिखरांकडे नेम धरावयाचा, मागे रेषा ओढावयाच्या. त्या जेथे छेदतात तेथे आपण उभे. मग आसपासचे कडे, वळणे, हिमनदीचे मुख जागच्या जागी कागदावर उतरवावयाचे. हे काम नंतर तंबूत बसून करता येत नाही. बोटे गोठत असली तरी समोर जे दिसते ते तेथेच काढावे लागते.

काराकोरममध्ये हे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर हेन्री गॉडविन-ऑस्टिन याने केले. १८६० आणि १८६१ या दोन हंगामांत, एका इंचास चार मैल या प्रमाणावर, त्याने बाल्टोरो व तिच्या आसपासच्या हिमनद्या कागदावर आणल्या. आस्कोले हे शेवटचे गाव. तेथील बाल्टी हमाल पाठीवर ओझी, पीठ आणि लाकूडफाटा घेऊन त्याच्याबरोबर हिमनदीवर चालले. ज्या वाटा त्या हमालांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या त्यांचे ‘शोध’ पुढे इतरांच्या नावावर लागले. अर्थात नकाशा काढणाऱ्याचे श्रम यामुळे कमी ठरत नाहीत. परंतु वाट दाखविणारा आणि वाट काढणारा यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा, एवढेच म्हणावयाचे आहे.

काश्मीरच्या सीमेपलीकडे परकीय अधिकाऱ्यांना जाता येत नसे. तेव्हा माँटगोमेरीने त्या मुलखांत सहज मिसळतील अशी माणसे शिकवून पाठविण्याची योजना आखली. मोहम्मद-इ-हमीद हा १८६३ साली यारकंदला गेला. परतीच्या वाटेवर काराकोरममध्येच त्याचा अंत झाला, पण त्याच्या नोंदी हाती आल्या. कुमाऊंमधील मिलम गावच्या नैनसिंग रावत यांची कीर्ती आपण ऐकली असेल. त्यांच्या जपमाळेत एकशे आठऐवजी शंभर मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढावयाचा. दोन हजार पावलांचा मैल धरला म्हणजे माळेचा एक फेरा पाच मैलांचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद, कवड्यांत क्षितिजासाठी पारा, आणि उंची मोजण्यासाठी पाणी किती अंशांवर उकळते ते पाहण्याचा तापमापक. अशा साहित्यावर त्यांनी १८६६ साली ल्हासाचे स्थान निश्चित केले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांची कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे; येथे एवढेच सांगतो की साखळी जेथे पोहोचत नाही तेथे पाऊलही साखळी होऊ शकते, मात्र ते प्रत्येक वेळी सारखेच पडले पाहिजे.

आता चुकांकडे येतो. माझ्या मते प्रशिक्षणार्थ्याने यशापेक्षा चुकांचा अभ्यास अधिक करावा, आणि काराकोरमइतके त्याला दुसरे ठिकाण नाही.

१८९२ साली मार्टिन कॉन्वे हा प्रवासी हिस्पार हिमनदीवरून चढून खिंडीत पोहोचला. पलीकडे बर्फाचे एक विस्तीर्ण मैदान त्याला दिसले. त्याने त्यास ‘हिमसरोवर’ असे नाव दिले आणि त्याचा विस्तार तीनशे चौरस मैल असावा असा अंदाज केला. जगभर चर्चा झाली. धृवप्रदेशाबाहेर एवढा मोठा हिमाचा साठा, ज्यातून चहूबाजूंनी हिमनद्या निघतात, अशी कल्पना पसरली. पुढे १९३७ आणि १९३९ साली तेथे रीतसर मोजणी झाली तेव्हा ते मैदान सुमारे तीस चौरस मैलांचेच निघाले. तीनशेचे तीस! कॉन्वे खोटे बोलला असे कोणी म्हणत नाही. विरळ, स्वच्छ हवेत अंतर जवळचे की दूरचे हे डोळ्यांना कळत नाही, आणि पांढऱ्यावर पांढरे असल्याने तुलनेला झाड नाही, घर नाही, मनुष्य नाही. नजरेने केलेल्या अंदाजाला मोजणीचा दर्जा दिला, ही खरी चूक.

दुसरे उदाहरण सियाचेनचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. बाल्टी भाषेत या नावाचा अर्थ रानगुलाबांचे ठिकाण असा होतो. हिमनदीच्या मुखाजवळच्या खोऱ्यांत ती झुडपे उगवतात. जुन्या नकाशांत साल्टोरोची रांग हीच मुख्य जलविभाजक मानलेली होती. तिच्यावरील शिखरांचे वेध दुरून घेतलेले, परंतु तिच्या मागे काय आहे हे कोणी पाहिलेले नव्हते. आणि जे पाहिलेले नसते ते नकाशात नेहमीच लहान होते. १९०९ साली टॉम लाँगस्टाफ हा डॉक्टर व गिर्यारोहक बिलाफोंड खिंड ओलांडून पलीकडे उतरला, तेव्हा समोर उत्तर-दक्षिण पसरलेली एक अवाढव्य हिमनदी त्याला आढळली. ती सियाचेनच होती, आणि खरा जलविभाजक तिच्याही पलीकडे, कितीतरी ईशान्येस होता. १९१२ साली वर्कमन दाम्पत्याच्या मोहिमेत पीटरकिन आणि भारतीय सर्वेक्षण खात्याचे सर्जनसिंग यांनी या हिमनदीची मोजणी केली. तिच्या उत्तर टोकाच्या खिंडीला श्रीमती वर्कमन यांनी ‘इंदिरा’ असे नाव दिले ते लक्ष्मी या अर्थाने. आज अनेकांचा समज निराळा असतो, म्हणून हे साल लक्षात ठेवावे.

या चुकांवर उपाय म्हणून नवी साधने आली. १९२६ साली भारतीय सर्वेक्षण खात्याचे केनेथ मेसन शक्सगाम खोऱ्याच्या मोजणीस निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ छायाचित्रे घेणारा थिओडोलाइट होता. एका रेषेच्या दोन टोकांवरून एकाच दृश्याची छायाचित्रे घ्यावयाची आणि नंतर ती जोडीने यंत्रात पाहून समोच्च रेषा काढावयाच्या, अशी ही पद्धत. जेथे मनुष्य तासभरही उभा राहू शकत नाही तेथून काही मिनिटांत वेध घेऊन उतरता येऊ लागले. त्या मोहिमेतील खानसाहेब अफराज गुल खान यांच्यासारखा प्लेन टेबल चालविणारा काराकोरमने क्वचितच पाहिला असेल. त्यांनी १९२५ आणि १९२९-३० च्या डच मोहिमांतही काम केले. तरीही १९२६ साली क्यागर हिमनदीने वाट अडविली. तिचे बर्फाचे सुळके संपूर्ण खोऱ्यात आडवे उभे होते आणि ओझ्यांसह पलीकडे जाणे अशक्य होते. दुसरीकडून प्रयत्न करताना शक्सगाम समजून जी नदी पकडली ती वेगळीच निघाली. तिला मेसनने ‘झुग शक्सगाम’ म्हणजे खोटी शक्सगाम असे नाव दिले. आपली दिशाभूल नावातच नोंदवून ठेवणारे भूमापक फार नसतात.

१९३७ साली एरिक शिप्टन, टिल्मन, मायकेल स्पेंडर व भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनी दक्षिणेकडून खिंड ओलांडून या खोऱ्यात प्रवेश केला आणि मोठा कोरा भाग भरून काढला. १९३९ साली शिप्टन पुन्हा आला तेव्हा त्याच्याबरोबर पीटर मॉट आणि भारतीय सर्वेक्षण खात्याचे फजल इलाही व इनायत खान होते. हिस्पार, बियाफो आणि त्यांच्या शेजारच्या हिमनद्यांचे रीतसर नकाशे त्या हंगामात झाले. सप्टेंबरमध्ये हिमसरोवरावर असताना त्यांच्या लहानशा रेडिओवर युरोपात महायुद्ध सुरू झाल्याची बातमी आली आणि मोहीम आवरती घ्यावी लागली.

नावांविषयी थोडे सांगितले पाहिजे. गावनकाशावर आपण ओढ्याचे नाव लिहितो ते गावकऱ्याला विचारून. काराकोरममध्ये विचारावयास कोण होते? ‘के २’ कोणत्याही गावातून दिसत नाही. आस्कोलेहून निघून कित्येक दिवस हिमनदीवर चालल्यावर ते दृष्टीस पडते. जे रोज दिसत नाही त्याला नाव पडत नाही. म्हणून एका अधिकाऱ्याच्या वहीतील खूण कायम राहिली. १८८८ साली त्यास गॉडविन-ऑस्टिनचे नाव देण्याची सूचना पुढे आली, ती भारतीय सर्वेक्षण खात्याने स्वीकारली नाही. स्थानिक नाव शोधावे, ते नसेल तर खूण ठेवावी, व्यक्तीचे नाव देऊ नये, हा खात्याचा दंडक एकंदरीत योग्यच होता. त्याला मोठा अपवाद म्हणजे ‘पंधरा क्रमांकाचे शिखर’. राधानाथ सिकदर यांच्या देखरेखीखाली कलकत्त्यात त्याचे गणित झाले, १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली, आणि अँड्र्यू वॉ याने त्याला आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचविले. खुद्द जॉर्ज एव्हरेस्टने, हे नाव येथील लोकांना उच्चारता यावयाचे नाही, असा आक्षेप घेतला होता. तो मानला गेला नाही. गणितासाठी मात्र शाबासकी द्यावीच लागेल. दीडशे ते दोनशे किलोमीटरांवरून, वक्रीभवनाने वाकलेल्या किरणांवरून काढलेली ती उंची, २०२० साली जाहीर झालेल्या ८,८४८.८६ मीटर या आकड्यापेक्षा दहा मीटरही कमी नाही.

आणि हे सर्व कागदावरचे प्रश्न नव्हेत, याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. २७ जुलै १९४९ रोजी कराची येथे भारत व पाकिस्तान यांच्यातील युद्धबंदी रेषा ठरली. ती नकाशावर एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली गेली. त्यापुढील मुलूख निर्मनुष्य, तेथे कोण जाणार, असे समजून पुढची रेषा आखलीच नाही. तेथून उत्तरेस हिमनद्यांकडे, एवढे शब्द लिहिले आणि काम संपविले. उत्तरेस म्हणजे नेमके कोणीकडे आणि हिमनद्यांच्या कोणत्या काठापर्यंत, हे सांगणारा एकही कोन, एकही अंतर त्यात नव्हते. लाँगस्टाफने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिलेला साल्टोरो आणि खरा जलविभाजक यांतील फरक तेथे पुन्हा उभा राहिला. १९६३ सालच्या करारात पाकिस्तानने शक्सगाम खोरे चीनला देऊन टाकले. भारताने तो करार कधीही मान्य केलेला नाही. आणि १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय जवान साल्टोरोच्या खिंडींवर उतरले. त्या उंचीवर गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी अधिक माणसे नेली आहेत. एका न आखलेल्या रेषेचा भार महाराष्ट्रातील कित्येक घरांनीही उचललेला आहे.

शेतजमीन आणि हिमनदी यांत एक मोठा भेद आहे, तोही ध्यानात घ्यावा. शेत जागच्या जागी असते, हिमनदी चालते. १९२९ सालच्या ऑगस्टमध्ये चोंग कुमदान हिमनदीने अडविलेले श्योकचे पाणी बांध फोडून सुटले आणि खालच्या खोऱ्यांत पूर आला. मेसनला अडविणारी क्यागर हिमनदी आजही अधूनमधून शक्सगामचे पाणी अडविते. २०१५ नंतरच्या काही वर्षांतही तिच्यामागे तळे साचून फुटले आणि यारकंद नदीला पूर आले. आता हे सर्व उपग्रहावरून पाहिले जाते. परंतु आजचे मुख कालच्या मुखापेक्षा पुढे आहे की मागे, हे सांगावयास कालची नोंद लागते, आणि शंभर वर्षांपूर्वीची नोंद उपग्रहाजवळ नाही. ती या जुन्या प्लेन टेबलच्या पत्रकांत आहे. ज्याने गोठलेल्या बोटांनी हिमनदीचे मुख बरोबर जागी काढले, त्याची रेषा आज अभ्यासकाच्या उपयोगी पडते. ज्याने अंदाजाने काढले, त्याची पडत नाही.

दुपारच्या सत्रात मैदानावर तीन प्लेन टेबल मांडले जातील. समोरच्या टेकडीवरचे देऊळ, पाण्याची टाकी आणि शाळेच्या इमारतीवरील ध्वजस्तंभ ही तीन ठिकाणे कागदावर आधीच दाखविली आहेत. होकायंत्र न वापरता, केवळ या तिघांवरून, आपण कोठे उभे आहोत ते प्रत्येकाने काढावयाचे आहे. तीन रेषा पहिल्याच प्रयत्नात एका बिंदूत बहुधा छेदणार नाहीत, त्यांचा एक लहानसा त्रिकोण होईल. तो खोडून टाकू नका. तसाच ठेवून मला दाखवा.